कोणी केली?

प्रश्न विचारणारी मुलगी सत्तावीस वर्षांची आहे, घाटकोपरला राहते. वडील बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. तिने इंजिनिअरिंग केलं, तीन वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्या, राज्यसेवेतून वर्ग दोनचं पद मिळवलं. पुढच्या महिन्यात मुंबईतच रुजू होणार आहे. ती लिहिते, "मामा, क्लासचे सर, शेजारचे काका, सगळे एकच सांगतात की आता पुस्तकं माळ्यावर टाक आणि व्यवहार शिक. एवढा अभ्यास केला त्याचा खुर्चीत बसल्यावर खरंच उपयोग होतो का? आणि तत्त्वाने वागणं, पुढाकार घेणं हे माझ्यासारख्या खालच्या पदावर जमतं का, की ते वरच्यांचं काम?"

माझ्या मुलीपेक्षा तू लहान आहेस, म्हणून अगं-तुगंच करते. मी १९८६ ला नोकरीला लागले, २०२० ला निवृत्त झाले. मधली दोन वर्षं सोडली तर सगळी नोकरी मुंबईत. कार्यालयांची नावं लिहिणार नाही, त्यातली बरीच माणसं हयात आहेत आणि काहींच्या घरी मी अजून तिळगूळ द्यायला जाते.

उपयोग होतो. पण तुला वाटतोय तिथे नाही. परीक्षेसाठी पाठ केलेली कलमं सहा महिन्यांत विसरशील, विसरलीस तरी चालेल, पुस्तक टेबलावर असतंच. उपयोग होतो तो कागद शेवटच्या पानापर्यंत वाचायच्या सवयीचा. हे ऐकायला फारच साधं वाटतं ना? मलाही वाटायचं. पण सरकारी कार्यालयात नुसता प्रामाणिक आणि न वाचणारा अधिकारी हा लबाड माणसांना सगळ्यात जास्त आवडतो. त्याची सही स्वच्छ असते आणि फुकट मिळते.

हे मी स्वतःवरून सांगते.

१९९२ च्या मार्चमधली गोष्ट. मध्य मुंबईतल्या जुन्या चाळींची सामायिक शौचालयं, मोऱ्या, नळ यांच्या दुरुस्तीची देयकं, म्हणजे बिलं, माझ्या टेबलावरून जात. मार्चएंड म्हणजे काय ते तुला लवकरच कळेल. निधी परत जाऊ नये म्हणून अख्खं कार्यालय रात्री नऊपर्यंत बसलेलं, खालून वडापाव आलेले, धारिकांचे, म्हणजे फायलींचे, गठ्ठे दोरीसकट टेबलावर. त्या संध्याकाळी मी चाळीसेक देयकांवर "तपासले" असं लिहून सही केली. प्रत्येक धारिकेला मागे परिशिष्ट जोडलेलं होतं, कोणत्या चाळीत काय बसवलं त्याची यादी. एका धारिकेचं परिशिष्ट अकरा पानांचं होतं. मी पहिलं पान पाहिलं, शेवटच्या पानावरची बेरीज पाहिली, सही ठोकली. मी तेव्हा एम.ए. होते, प्रथम वर्गात.

जूनमध्ये आमच्याकडचा एक मुकादम सहज टेबलाशी आला. चौथी शिकलेला, गिरणगावातच वाढलेला, वस्तीतली प्रत्येक गल्ली पायाखालची. म्हणाला, "बाई, त्या अमुक चाळीत आपण म्हणे नवे नळ बसवले. कुठे बसवले, हवेत?" मला कळेना. ती चाळ आदल्या पावसाळ्यात धोकादायक म्हणून पाडली होती. भाडेकरू संक्रमण शिबिरात जाऊन वर्ष होत आलं होतं. जागेवर पत्रे ठोकलेलं मोकळं मैदान. आणि माझ्या सहीच्या धारिकेत, परिशिष्टाच्या सातव्या पानावर, त्या मैदानात बारा नळ आणि सहा दरवाजे बसवलेले.

तीन रात्री झोप लागली नाही. सुचत होतं ते सगळं लाजिरवाणं होतं. पैसे गेले आहेत, कोणी विचारलेलं नाही, मुकादम आपलाच माणूस आहे, गप्प बसावं. चौथ्या दिवशी वरिष्ठांच्या केबिनमध्ये गेले. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं, कोरड्या स्वभावाचे गृहस्थ. मी उभ्याउभ्याच सुरुवात केली तर त्यांनी हात वर केला. "बोलू नका, लिहा."

मी लिहून नेलं. त्यात एक वाक्य होतं, "सदर देयकावर अनवधानाने सही करण्यात आली." त्यांनी लाल पेन्सिल घेतली, "करण्यात आली" खाली रेघ ओढली आणि समासात दोनच शब्द लिहिले: "कोणी केली?"

मी खाली आले, कागद बदलला. "मी परिशिष्ट न वाचता सही केली." हे सहा शब्द लिहायला मला अर्धा तास लागला.

पुढचं थोडक्यात सांगते. कंत्राटदाराकडून वसुली झाली. मापं लिहिणाऱ्याची चौकशी लागली. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली, लेखी ताकीद मिळाली, त्या वर्षीचा गोपनीय अहवाल एका पायरीने खाली आला आणि माझ्याबरोबरच्या दोघी माझ्याआधी वर गेल्या. साहेबांनी मला वाचवलं नाही. अजून कधीकधी वाटतं की थोडं वाचवायला हवं होतं.

तू ज्या दिवशी रुजू होशील त्या दिवसापासून "करण्यात येत आहे" हे तुझ्या बोटांतून आपोआप यायला लागेल. राजभाषा अधिनियम १९६४ चा, म्हणजे कारभार मराठीतून चालायला लागून बराच काळ लोटला, पण आपण जी मराठी कारभारात घडवली ती कर्ता लपवणारी. "कार्यवाही करण्यात येत आहे", "प्रकरण विचाराधीन आहे", "योग्य ते आदेश व्हावेत", "नियमानुसार उचित कार्यवाही करावी". शेवटचं वाक्य बघ. वरचा अधिकारी खालच्याला हे लिहून पाठवतो, तेव्हा त्याने काहीच सांगितलेलं नसतं. नियम कोणता, उचित म्हणजे काय, करायची कोणी, कधीपर्यंत, सगळं अंधारात. काम बिघडलं तर "मी नियमानुसार म्हटलं होतं". मी पुढे माझ्या हाताखालच्यांना एकच सक्ती केली. टिपणीत कर्ता हवा आणि तारीख हवी. "कनिष्ठ अभियंत्यांनी १४ तारखेला जागा पाहिली. १६ पैकी ९ नळ चालू होते." एवढं लिहिलं की निम्मी लबाडी जागच्या जागी मरते, कारण खोटं लिहायला कर्ता सापडत नाही. माझ्या मते सरकारी नोकरीत शिक्षणाची पहिली कसोटी ही वाक्यरचना आहे. पदवीधर माणसाला कर्ता, कर्म, क्रियापद लिहिता येतं. धैर्य कर्ता लिहायला लागतं.

माहितीचा अधिकार २००५ मध्ये आला आणि टिपण्याही लोकांना पाहता येऊ लागल्या, तेव्हा आमच्याकडे काही जणांनी लिहिणंच कमी केलं. "चर्चा करावी" असा शेरा मारायचा आणि चर्चेत काय झालं ते कुठेच नोंदवायचं नाही. हा शेरा दिसला की सावध हो. चर्चा झाल्यावर परत आलीस की लगेच टिपणीत लिही, "चर्चेनुसार अमुक ठरले", आणि धारिका पुन्हा वर पाठव. कोणी चिडणार नाही. चिडलं तर तेवढंच कळलं.

स्वतःची चूक लिहून देण्याबद्दल मला आधार मिळाला तो गोखल्यांचा. नामदार गोखले आपल्याला शाळेत फारच सोवळे करून शिकवतात, म्हणून ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. १८९७ साली पुण्यात प्लेग होता, घरं तपासायला गोरे सोल्जर घुसत होते. गोखले तेव्हा हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात सांगितलं की सोल्जरांनी बायकांवर अत्याचार केले. पुरावा मागितला गेला. परत आल्यावर, ज्यांनी पत्रं लिहिली होती त्यांच्यातलं कोणी पुढे येईना. गोखल्यांनी जाहीर, बिनशर्त माफी मागितली. इकडे लोकांनी त्यांना भेकड ठरवलं. माफीची भाषा गरजेपेक्षा जास्त वाकलेली होती असं मलाही वाटतं. प्लेगच्या त्या तपासणीत जुलूम झालाच होता. पण जे सिद्ध करता येत नाही ते मी बोललो, हे त्यांनी स्वतःच्या नावाने सांगितलं, आणि कोणी पत्रं पाठवली ते सांगितलं नाही. पुढे १९०५ ला हेच काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि १९११ ला सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक यांनीच कायदेमंडळात मांडलं. ते पडलं, ती वेगळी गोष्ट. माफीनंतरच्या त्यांच्या अंदाजपत्रकावरच्या भाषणांत आकडे किती पक्के असत ते वाचून बघ. ९७ चा चटका त्यात असावा असा माझा अंदाज आहे.

आता व्यवहाराबद्दल, कारण तुझ्या मामांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही.

पहिल्याच वर्षात तुला फोन येईल. फोन करणारा स्वतः अधिकारी नसेल, कोणाचा तरी स्वीय सहायक असेल, फार गोड बोलेल. "मॅडम, साहेबांनी सांगितलंय, ते गाळ्याचं हस्तांतरण आज करून टाका, पत्र मागाहून पाठवतो." यावर भाषण करू नकोस. "हे बेकायदेशीर आहे" हे वाक्य मी ३४ वर्षांत फोनवर एकदाही म्हटलं नाही. मी म्हणायची, "हो, बघते ना." फोन ठेवला की लगेच एक पानाचं पत्र वर जायचं. "आज सकाळी ११.२० वाजता दूरध्वनीवरून मिळालेल्या सूचनेस अनुसरून सादर करते की, सदर गाळ्याच्या हस्तांतरणास अमुक नियमानुसार वारसांची ना-हरकत आवश्यक असून ती धारिकेत नाही. तथापि हस्तांतरण करावयाचे झाल्यास लेखी आदेश व्हावेत." बारनिशीत, म्हणजे आवक-जावक टपालाच्या नोंदवहीत, नोंद करून, जावक क्रमांक टाकून. दहापैकी आठ वेळा त्या पत्राला उत्तरच आलं नाही आणि ते काम पुन्हा कधी तातडीचं झालं नाही.

यात माझं शौर्य काही नाही. वर्तणूक नियम, १९७९ चे, त्यातच लिहिलं आहे की वरिष्ठांचा आदेश शक्यतो लेखी घ्यावा आणि तोंडी असेल तर नंतर लवकरात लवकर लेखी दुजोरा घ्यावा. सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये, टी. एस. आर. सुब्रमण्यन आणि इतर निवृत्त अधिकाऱ्यांच्या याचिकेवर सांगितलं की तोंडी सूचनांची नोंद झाली पाहिजे. म्हणजे तू बंडखोरी करत नाहीस, नियम पाळतेस. आता कळेल तुझ्या अभ्यासाचा उपयोग. ज्याला हा नियम माहीत नाही, त्याच्याकडे त्या फोननंतर दोनच वाटा उरतात, भांडणं किंवा वाकणं. ज्याला माहीत आहे त्याला तिसरी सापडते, आणि ती सभ्य असते.

मात्र दहापैकी उरलेल्या दोन वेळांचं काय? एकदा लेखी आदेश खरोखरच आला. मी तो पाळला, टिपणीत माझं मत आधी नोंदवलेलं होतंच. पुढे ते प्रकरण न्यायालयात गेलं आणि माझी एका शब्दानेही चौकशी झाली नाही. दुसऱ्या वेळी माझी बदली झाली, चौदा महिन्यांत. बदल्यांचा कायदा २००५ चा आहे, साधारण तीन वर्षं एका पदावर ठेवावं म्हणतो, पण कारण नोंदवून आधीही हलवता येतं, आणि कारण सुचायला माणसं हुशार असतात. "प्रशासकीय निकड" या दोन शब्दांत काहीही मावतं. त्याच कायद्यात, जाताजाता सांगते, एक सोन्यासारखी तरतूद आहे. साधी धारिका कोणाही एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. लोक या कायद्याचं नाव "बदल्यांचा कायदा" म्हणून घेतात, विलंबाचा भाग कोणी वाचत नाही. तू वाच.

बदलीला मी घाबरले होते. पण नोकरीला नव्हे, घराला घाबरले होते. आम्ही तेव्हा वांद्र्याच्या सरकारी वसाहतीत राहायचो. मुंबईबाहेर गेलं की आज ना उद्या क्वार्टर सोडावी लागणार, धाकट्याची दहावी, यांची नोकरी चर्चगेटला, बाहेर भाड्याने घर घ्यायचं तर पगार कुठे पुरतो. मुंबईत माणूस वाकतो तो बहुतेक वेळा पैशाच्या हावेने वाकत नाही, दहा बाय बाराच्या खोलीच्या भीतीने वाकतो. म्हणून लग्न, घर, हप्ता याचं गणित पहिल्या पाच वर्षांत नीट मांड. हप्ता पगाराच्या इतका वर नेऊ नकोस की बदलीचा कागद पाहून हात कापेल. माझ्या एका बॅचमेटने पवईत मोठा फ्लॅट घेतला, अतिशय सज्जन माणूस, आणि पुढची वीस वर्षं तो प्रत्येक धारिकेवर "चर्चा करावी" लिहीत राहिला. तत्त्वांबद्दलच्या पुस्तकांत गृहकर्जाचं प्रकरण का नसतं, मला कळत नाही.

नुसत्या शिक्षणाने माणूस सरळ राहतो का, याचं उत्तर तुला रोज दिसेल, कारण ते सीएसएमटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आर्थर क्रॉफर्ड १८६५ ला मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर झाला. कर्तबगार माणूस. गलिच्छ शहराची सफाई लावली, मंडई बांधली, ती १८६९ ला उभी राहिली. खर्च मात्र इतका हाताबाहेर गेला की त्याला जावं लागलं. पुढे तो पुण्याला विभागीय आयुक्त असताना, १८८८ मध्ये, मामलेदारांकडून नेमणुका-बदल्यांसाठी पैसे घेतल्याच्या आरोपावरून त्याची चौकशी झाली. लाचेचे आरोप आयोगाने मानले नाहीत, पण हाताखालच्या माणसांकडून कर्जं घेतल्याबद्दल त्याची नोकरी गेली. आणि ज्या मामलेदारांनी अभय मिळाल्यावर "हो, आम्ही पैसे दिले" अशी साक्ष दिली, त्यांच्यातल्या काहींना शेवटी घरी बसावं लागलं. म्हणजे बदलीचा बाजार आपल्या पिढीने शोधला असं समजू नकोस.

त्या मंडईला आज महात्मा जोतिबा फुले यांचं नाव आहे. फुले स्वतः १८७६ पासून काही वर्षं पुणे म्युनिसिपालटीचे सभासद होते. १८८२ ला त्यांनी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, की शेतकऱ्यांच्या करातून येणारा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो, तो खालच्या शाळांवर खर्च करा, निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. हा माणूस सरकारी नोकरीत नव्हता. मागणी किती नेमकी आहे बघ, वयासकट. लोक मात्र अजून "क्रॉफर्डला जाऊन येते" म्हणतात. मीही म्हणते, दिवाळीचे कंदील तिथेच घेते.

तू एका वाक्यात राजीनाम्याचंही विचारलं आहेस, "अगदीच असह्य झालं तर?" चिंतामणराव देशमुखांचं उदाहरण सगळे देतात. रायगड जिल्ह्यातला मुलगा, १९१२ च्या मॅट्रिकला पहिला, संस्कृतची शंकरशेट शिष्यवृत्ती, केंब्रिज, आयसीएस, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग अर्थमंत्री. १९५६ ला त्यांनी मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला. आपण तो मराठी अस्मितेच्या खात्यात टाकतो, ते खरंच आहे. पण त्यांची तक्रार काय होती तेही पाहा. मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न होता जाहीर झाला, हा त्यांचा मोठा आक्षेप होता. थेट कार्यपद्धतीवर बोट. एका निष्णात प्रशासकाचा राजीनामा तो. धारिका योग्य टेबलावरून गेली नाही, असंच ते म्हणत होते, फक्त धारिका मुंबईएवढी होती.

तरी तू राजीनामा देऊ नकोस. मंत्र्याच्या राजीनाम्याची बातमी होते, आपल्या राजीनाम्याची रिक्त जागा होते, आणि त्या जागेवर कोणाला बसवायचं याची चिठ्ठी दुसऱ्या दिवशी तयार असते.

आता शिक्षणाबद्दल एक उलटी बाजू. नव्या अधिकाऱ्यांत एक रोग असतो, मलाही होता. कमी शिकलेल्या लोकप्रतिनिधीकडे बघून ओठ मुडपायचा. राजेंद्रप्रसादांनीसुद्धा २६ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात खंत व्यक्त केली होती, की कायदे राबवणाऱ्यांना पात्रता लावतो आणि करणाऱ्यांना कोणतीच नाही. हरियाणाने २०१५ ला पंचायतीच्या उमेदवारांना शाळेची अट घातली, सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. राजस्थाननेही तशी अट आणली होती, २०१९ ला काढून टाकली. मला काढली तेच बरोबर वाटतं. ज्यांना शाळा देता आली नाही त्यांनाच शाळा नसल्याची शिक्षा, हा कुठला न्याय? आपल्याकडे वसंतदादा पाटलांचं शालेय शिक्षण सातवीच्या आसपास थांबलेलं, आणि १९८३ ला विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली ती त्यांच्याच सरकारने. तुझं कॉलेज त्याच वाटेने निघालेलं असण्याची शक्यता दाट आहे. त्या निर्णयातून पुढे देणग्यांचा जो धंदा झाला तोही विसरता येत नाही. माणूस मोठा होता म्हणून निर्णयाची सगळी फळं गोड निघाली असं नाही.

पाणीपुरवठ्याच्या एका बैठकीत मी होते. आमचे अभियंते पडद्यावर आकृत्या दाखवत होते, नऊ इंची लाइन, दाब, क्षमता. सातवी शिकलेल्या एक नगरसेविका होत्या, डोंगरावरच्या वस्तीतून निवडून आलेल्या. वीस मिनिटं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "इंच मागनं सांगा साहेब. आधी सांगा, माझ्या वरच्या आळीत पाणी किती वाजता येणार? बाया तीन वाजता उठतात." खोली गप्प झाली. आकृतीत वेळ नव्हतीच. त्या दिवशी सगळ्यात शिकलेला प्रश्न त्यांनी विचारला होता.

पुढाकाराचं तू विचारलंस, तर तुझ्या हाताखाली चार माणसं असली तरी पुरे. तुला संध्याकाळी कधी सोडायचं हे ठरवणारा कोणीतरी असेल, तसं शिपायाला कधी सोडायचं हे तू ठरवशील. आमच्याकडे एक शिपाई होता, नववी नापास, बत्तीस वर्षांचा, परळला राहायचा. त्याला रात्रशाळेतून दहावी करायची होती. वर्ग साडेसहाला सुरू व्हायचे. कार्यालय पावणेसहाला सुटायचं, पण "साहेब बसलेत तोवर शिपाई बसणार" हा अलिखित नियम. साहेब आठपर्यंत बसत, बरेचदा नुसते चहा पीत. मी केलं एवढंच, की माझ्या विभागात साडेपाचनंतर बेल वाजवायची नाही. धारिका मीच उचलून न्यायची, पाणी मीच घ्यायचं. पहिल्या आठवड्यात बाकीच्या केबिनमधून टोमणे आले, "मॅडमना शिपायाची जागा हवी आहे का?" तो तिसऱ्या प्रयत्नात पास झाला, इंग्रजीत नेमके पस्तीस. मग मराठी टायपिंगची तीस शब्दांची परीक्षा, तीही दुसऱ्या खेपेला. माझ्या निवृत्तीच्या वेळी तो लिपिक होता, आणि माझ्या निरोपाच्या टिपणीचा मसुदा त्यानेच केला. त्यात एक "करण्यात आले" होतं. मी खाली रेघ मारून त्याला परत दिला, तो हसला.

तेव्हा पाच दिवसांचा आठवडा नव्हता, तो २०२० च्या फेब्रुवारीअखेर आला. महिन्यातल्या कामाच्या शनिवारी दुपारी आम्ही अर्धा तास एक शासन निर्णय मोठ्याने वाचायचो, सगळे, शिपायासकट. कंटाळवाणं काम. कोणी पेंगायचं. पण एकदा दिव्यांगांच्या सवलतीचा निर्णय वाचताना आमच्या टायपिस्टच्या लक्षात आलं की आम्ही दोन वर्षं एक दाखला विनाकारण मागत होतो. निर्णयात तो कुठेच नव्हता, कोणीतरी कधीतरी सुरू केलेला. लोक त्यासाठी कल्याण-कर्जतहून खेटे घालत होते. सोमवारी आम्ही तो मागणं बंद केलं. हे करायला कोणाची परवानगी लागली नाही.

रुजू होण्याच्या दिवशी काय करायचं ते सांगते, कारण त्या दिवशी हारतुरे असतात आणि घाई असते. आधीचा अधिकारी कार्यभार अहवाल पुढे करेल आणि म्हणेल, "फॉर्मॅलिटी आहे, मॅडम." सही करू नकोस. शिल्लक धारिकांची यादी माग. कपाट उघडायला सांग आणि यादीशी धारिका मोजून बघ, चहा थंड झाला तरी चालेल. कमी भरल्या तर अहवालावरच लिही, किती कमी, कोणत्या, आणि खाली तुझं नाव. मग बारनिशीचं रजिस्टर घेऊन सात दिवसांपेक्षा जुन्या नोंदी काढ.

दुसऱ्या दिवशी तुझ्या हद्दीत सगळ्यात जास्त वर्षं काढलेला शिपाई, मुकादम, जो कोणी असेल त्याला बरोबर घे आणि पायी फिरून ये. जाताना यादी ने. यादीत चाळ असेल तिथे चाळ आहे का, बघून ये.